शाळा सुटल्यावर गुरुजींचा शीण

आपल्या खानापूर-बेळगावकडच्या धर्मग्रामांत शेतीवर जगणारी जी घरे आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांत एक तरी शिकवणारे माणूस असते. कोणाचा मुलगा सरकारी मराठी शाळेत आहे, कोणाची सून सिस्टरांच्या शाळेत शिकवते, कोणाची लेक अंगणवाडी सांभाळते. बाकीचे घर भात, रताळी, ऊस, काजू यांत गुंतलेले. आणि हे एक माणूस सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडते ते संध्याकाळी परत येते. आल्यावर धड बोलत नाही. जेवणावर लक्ष नसते. पोराने दोनदा हाक मारली की तिसऱ्या वेळी अंगावर खेकसते. मग घरातले वडीलधारे म्हणतात, "दिवसभर सावलीत काम, मग एवढा कसला शीण?"

हा प्रश्न रागाने विचारला जातो खरा, पण प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर घरात माहीत असले तर पुष्कळ भांडणे टळतील असे आम्हांस वाटते. म्हणून या वेळी पिकांवरील रोग बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे.

शेतकऱ्याचा शीण सरळ असतो. दिवसभर चिखलणी केली, कंबर भरून आली, हातपाय आंबले. गरम पाण्याने आंघोळ, पोटभर जेवण आणि रात्रीची झोप झाली की बहुतेक वसूल होते. मास्तरांचा शीण असा सगळ्या अंगभर पसरलेला नसतो. तो तीन ठिकाणी साठतो: घशात, पायांत आणि डोक्यात. हातांना, खांद्यांना, पाठीला तर दिवसभर हालचालच नसते. म्हणून नुसते आडवे पडून तो उतरत नाही. ज्याने दिवसभर काम केले त्याला थांबवायचे आणि जे दिवसभर बसून होते त्याला हलवायचे, ही त्याची रीत आहे.

घशापासून सुरुवात करू, कारण त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. आपल्या गळ्यात स्वरयंत्र असते व त्यात दोन नाजूक स्वरतंतू असतात. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते एकमेकांवर आपटतात आणि आवाज निघतो. पुरुष साध्या आवाजात बोलतो तेव्हा ते सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा आपटतात, बाईमाणूस बोलते तेव्हा सुमारे २०० वेळा. म्हणजे बाईंनी एक मिनिट सलग आवाज काढला तर १२,००० टाळ्या वाजल्या म्हणा ना! दिवसभर टाळ्या वाजवून तळहात लाल होतात, तसेच आत होते. स्वरतंतू सुजतात, आवाज जाड होतो, संध्याकाळी फाटतो. वर्षानुवर्षे असेच चालले तर तंतूंवर कुदळीच्या घट्ट्यासारख्या लहान गाठी धरतात. बायकांना हा त्रास अधिक होतो.

त्यात आपल्याकडचा पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडची शाळा, वर पत्रे आणि आषाढातली सर! त्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय मागच्या बाकावर काही पोहोचत नाही. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९११ साली दाखवून दिले की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. तो ठरवून करीत नाही, आपोआप होते. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसवल्या असतील तर पाऊस नसतानाही तीच गत. २००४ साली अमेरिकेतील आयोवा व युटा या दोन राज्यांत सुमारे १,२०० शिक्षक आणि जवळजवळ तितकेच इतर धंद्यांतले लोक यांची विचारपूस झाली. त्या वेळी आवाजाची तक्रार असणारे शिक्षकांत ११ टक्के होते, इतरांत ६ टक्के. आयुष्यात कधी ना कधी असा त्रास झालेले शिक्षकांत निम्म्याहून अधिक, इतरांत तीन-दहांशाहूनही थोडे कमी निघाले.

उपाय स्वस्त आहे, पण घरच्यांच्या मदतीशिवाय होत नाही: घरी आल्यावर तासभर गप्प बसणे. कुजबुजणे म्हणजे आवाजाला विश्रांती असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे, कुजबुजताना घशावर उलट ताण येतो. बोलायचे तर हळू पण साध्या आवाजात बोलावे. सारखे खाकरून घसा साफ करणेही तंतूंना मारक. त्याऐवजी एक घोट पाणी घ्यावे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या अवश्य कराव्यात, घशाला आराम वाटतो. परंतु ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचले तर ठसका लागतो. तंतूंना थेट मिळतो तो पाण्याचा वाफारा. प्यालेले पाणी रक्तावाटे तेथे जाते, त्याला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा सकाळपासून थोडे थोडे प्यावे हे बरे. ज्येष्ठमधाची काडी अधूनमधून चघळायला हरकत नाही, मात्र रक्तदाब असलेल्यांनी रोज चघळू नये. ज्येष्ठमध फार झाला तर दाब वाढतो. तंबाखू, विडी, मिश्री यांबद्दल नव्याने काय सांगायचे?

पाण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. काही शाळांत बाईंसाठी धड स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. याने घसा तर जातोच, लघवीची जळजळ आणि मूत्रमार्गाचे विकारही मागे लागतात. आपल्यापैकी जे शाळेच्या एसडीएमसीवर आहेत त्यांनी रंगरंगोटीच्या आधी याकडे पाहावे.

आवाज तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. गिळताना दुखते, थुंकीतून रक्त पडते, मानेला गाठ लागते, असे असेल तर तितकेही थांबू नये.

पायांचे थोडक्यात सांगतो. चालताना पोटरी आवळते-सैलते आणि पायातले रक्त वर ढकलते. पोटरी म्हणजे पायातला पंपच समजा. फळ्यासमोर एका जागी उभे राहिले की हा पंप बंद पडतो, रक्त खाली साचते, घोटे सुजतात, आणि पुढे काहींच्या पायांच्या निळ्या शिरा फुगून दिसू लागतात. घरी आल्यावर पंधरा मिनिटे चटईवर पडून पाय उशीवर किंवा भिंतीला उंच टेकवावेत, मग थोडे चालून यावे. दोन्ही पाय संध्याकाळी सुजून सकाळी उतरत असतील तर सहसा भिण्याचे कारण नाही. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा; शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

आता डोके. हे घरच्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे कौतुकही होत नाही. औत धरणाऱ्याचे लक्ष दोन बैलांवर असते. मास्तरांचे तीस-चाळीस पोरांवर असते, आणि ही चाळीस एका दिशेने चालत नाहीत. एक रडते, एक दुसऱ्याची पेन्सिल घेते, एकाला कालचा धडा कळलेला नाही, एक उपाशी आले आहे. दर मिनिटाला काहीतरी ठरवावे लागते आणि राग आला तरी चेहरा शांत ठेवावा लागतो. रागाला आवर घालणे हेच मोठे मेहनतीचे काम असते. वर मधल्या जेवणाचा हिशेब, हजेऱ्या, मोबाइलवर भरायची माहिती. कर्नाटकात २०२५ साली सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण झाले तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत शिक्षक घरोघर फिरले हे तर आपण सर्वांनी पाहिले. भात कापले की त्या दिवसापुरते काम संपले असे डोळ्यांना दिसते; शिकवण्याचे काम संपले असे कधी दिसतच नाही. म्हणून शरीर घरी येते आणि डोके शाळेतच राहते.

जर्मनीत झाबिने झोनेनटाग नावाच्या बाईंनी कामानंतरच्या विश्रांतीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. शार्लट फ्रिट्झ यांच्यासह त्यांनी २००७ साली असे मांडले की कामाचा शीण उतरवणाऱ्या गोष्टी चार: कामाचा विचार मनातून सुटणे, शांतपणे स्वस्थ बसणे, काही नवे शिकणे किंवा जमवणे, आणि फावल्या वेळात काय करायचे हे स्वतः ठरवता येणे. यातली चौथी गोष्ट आपल्या घरांत सर्वांत दुर्मिळ आहे असे आमचे मत आहे.

कसे ते पाहा. कुदळ हातात घेणे हे थकलेल्या मास्तरांना औषध आहे. नेदरलँड्समध्ये २०११ साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. बागकाम करणाऱ्या तीस जणांना आधी डोक्याला ताण देणारे काम दिले. मग अर्ध्यांना अर्धा तास बागेत काम करायला सांगितले, अर्ध्यांना घरात बसून वाचायला. दोन्हीकडच्या लोकांच्या लाळेतले ताणाचे द्रव्य, म्हणजे कॉर्टिसॉल, कमी झाले, पण बागेत गेलेल्यांचे अधिक कमी झाले, आणि त्यांचे मनही पुन्हा प्रसन्न झाले. तीस माणसे म्हणजे फार नव्हेत, तरी जे निघाले ते आपल्या अनुभवाला पटण्यासारखे आहे. तोंड बंद, हात चालू, डोळ्यांसमोर हिरवे, आणि मिरचीची रोपे काही प्रश्न विचारीत नाहीत!

पण तीच कुदळ सक्तीची झाली की औषधाचे विष होते. मुलगा शाळेतून दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच वडील म्हणतात, "चल, मोटर बघ, उसाला पाणी सोडायचं आहे, रात्री लाइट येणार." तो जातो. नाही म्हणता येत नाही, शेत त्याचेही आहे. परंतु हा अर्धा तास आणि बागेतला अर्धा तास एक नव्हेत. एकाच दिवसात माणसाने दोन नोकऱ्या केल्या, मधे श्वास घेतला नाही. आपण बैलाला औतातून सोडून तसाच गाडीला जुंपत नाही. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करून त्याच्या खांद्याला हळद-तूप लावतात, कारण जू कोठे घासते हे शेतकऱ्याला ठाऊक असते. शिकवणाऱ्या मुलाचा खांदा कोठे घासतो हेही ठाऊक करून घ्यावे. सुगीच्या दिवसांत, लावणीच्या आठवड्यात सर्वांनाच हात लावावा लागतो, त्याला इलाज नाही. एरवी मात्र शेताचे कोणते काम आणि कोणत्या दिवशी हे त्याला आधी सांगावे, निवडू द्यावे. शनिवारी दुपारी चार तास देणारा माणूस रोज संध्याकाळी ओढत नेलेल्या माणसापेक्षा जास्त काम करतो.

सुनांचे तर याहून कठीण. शाळेत शिकवणारी सून पाच-साडेपाचला घरी येते ती थेट चुलीपाशी. चहा, भाकरी, भांडी, म्हशीचे पाणी, मुलांचा अभ्यास, आणि रात्री नऊनंतर इतरांच्या मुलांच्या वह्या. तिचा पगार घरात चालतो, तिचा शीण चालत नाही. तिचा नवरा, तोही नोकरीवाला असला, तर ओसरीवर मोबाइल घेऊन बसलेला आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. सासूबाईंना आमची विनंती एवढीच: सून घरात आल्यापासून आंजेलुसची घंटा होईपर्यंत तिला कोणी काही विचारू नये, काही सांगू नये. चहा कोणीतरी दुसऱ्याने ठेवावा. सुरुवातीला जड जाईल, शेजारीण काही बोलेलही. पंधरा दिवस करून पाहावे. मुलगा शिकवत असेल तर त्यालाही हाच नियम लागू, आणि दोघेही नोकरी करीत असतील तर चुलीपुढे दोघांनी बसावे.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. प्रेषित गावोगाव शिकवून परत आले, काय काय केले व शिकवले ते त्यांनी येशूला सांगितले. माणसांची ये-जा एवढी होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा येशूने त्यांना एकांतात येऊन थोडे विसावायला सांगितले, आणि तारवात बसून ते निघाले. पुढे लोक आधीच त्या ठिकाणी जाऊन पोहोचले, हे खरे. तरी थकलेल्या शिकवणाऱ्यांना आधी विसावा घ्या म्हणणारा कोण होता ते आपण वाचले आहे.

शाळा मनातून कशी सोडवायची? संत इग्नेशियस यांनी आपल्या माणसांना दिवसाकडे थांबून मागे वळून पाहण्याची सवय लावली होती. तिचा या कामीही उपयोग होतो. पाच मिनिटे बसून दिवसात काय बरे झाले, कोठे चुकले ते पाहावे, आणि उद्या काय करायचे ते कागदावर लिहून वही मिटावी. लिहिलेले काम डोक्यात फिरत राहत नाही. २०१८ साली अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर हे करून पाहिले. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. वह्या तपासायच्या तर वेळ बांधून तपासाव्यात, आणि अंथरुणात तर मुळीच नेऊ नयेत.

झोपेचा विषय निघाला की दारूचा काढावा लागतो. एक पेला घेतला की शीण जातो, असे सांगणारे शिक्षक आमच्या माहितीत आहेत. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे आहे. पण उत्तररात्री ती झोप मोडते, घसा कोरडा पाडते, आणि सकाळी माणूस आदल्या दिवसापेक्षा थकलेला उठतो. मग दुसऱ्या संध्याकाळी पेला मोठा होतो. चहाचेही थोडे तारतम्य हवे. त्यातल्या उत्तेजक द्रव्याचा निम्मा भाग पाच-एक तासांनंतरही शरीरात असतो, म्हणून साडेपाचचा चहा घ्यावा, नऊचा सोडावा. संध्याकाळी दोन तास गाढ झोपणाऱ्यांना रात्री झोप येत नाही. डोळा मिटायचाच तर वीस मिनिटे पुरे.

एवढे करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, रविवारीही मन उठत नाही, शाळेच्या नावाने छाती धडधडते, सारे निरर्थक वाटते, असे असेल तर तो शीण नव्हे, आजार आहे, आणि त्याला औषध आहे. सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, पैसे पडत नाहीत, आणि ती रात्रंदिवस चालू असते. यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. जीव नकोसा वाटतो असे कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये, आणि त्याच घटकेला डॉक्टरकडे न्यावे.

राहिले आपण, म्हणजे ज्यांची मुले त्यांच्या हाताखाली आहेत ते पालक. मोबाइल आल्यापासून रात्री दहाला बाईंना फोन करून उद्याची परीक्षा किती वाजता म्हणून विचारण्याची प्रथा पडली आहे. दिवे लागल्यावर फोन करू नये. अडचण असेल तर सकाळी शाळेत जाऊन भेटावे. शेतकरी माणूस दिवसा शेतात असतो हे आम्ही जाणतो. अशा वेळी मुलाच्या वहीत दोन ओळी लिहून पाठवल्या तरी चालते, आणि शिक्षकांना त्या आवडतातही. मुलांसमोर, "मास्तरांना काय, फुकटचा पगार," असे बोलणेही सोडावे. ते मूल दुसऱ्या दिवशी तेच मनात धरून वर्गात बसते, आणि त्याला शांत बसवायला मास्तरांचा आवाज आणखी चढतो.

धर्मग्रामाचेही थोडे चुकते. आठवडाभर शिकवलेल्या माणसालाच रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग, मिस्साचे वाचन, गायनवृंद आणि वर नाताळचे नाटक! त्यांना येते म्हणून त्यांनाच द्यायचे, हा सोपा मार्ग झाला. गावात बारावी झालेली, पदवी घेतलेली तरुण मुले-मुली आहेत. त्यांच्याकडे निम्मे वर्ग सोपवता येतील. ज्या शिक्षकांचा घसा बसला आहे त्यांना पावसाळ्याचे चार महिने गायनातून सुट्टी द्यावी. आणि घरी संध्याकाळच्या जपमाळेला पुढून म्हणण्याचे काम मुलांना वाटून द्यावे, एकेक दशक एकेकाला. गुरुजींनी आणि बाईंनी मागे बसून मनातल्या मनात म्हटले तरी चालेल.